विहिणीच्या घरचे दोन पोलीस

शनिवारी दुपारी दिघोरीच्या थांब्यावर लाखांदूरच्या एसटीची वाट पाहत एखादी म्हातारी उभी दिसली, तर ती मी. कुठे चालली म्हणून खुशाल विचारा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. लेकीच्या घरी चालली. लेकीला भेटायला नाही. लेकीच्या सासूजवळ बसून टीव्हीवर पोलिसांची मालिका पाहायला. संध्याकाळी तिथंच जेवणार, तिथंच झोपणार आणि रविवारी सकाळच्या गाडीनं परत येणार. हे ऐकून कुणाच्या कपाळावर आठ्या पडत असतील तर पडोत. माझ्या कपाळावर आता नव्या आठीला जागा नाही.

लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची. जायचं, बाहेरच्या खुर्चीवर टेकायचं, लेक सुखात आहे का ते तिच्या तोंडावरून ओळखायचं आणि परतीची गाडी पकडायची. आता सगळेच चहा पितात, बरेच जण जेवतातही. पण मुक्काम? तोही दर शनिवारी? आणि तोही टीव्हीसाठी? इथं मात्र लोकांचा घास घशात अडकतो.

मी स्वतः ही रीत एके काळी अशी पाळली आहे, की आठवलं की मला माझंच हसू येतं. लेकीचं लग्न केलं तेव्हा मी चाळिशीत होते. ती चाळिशीतली बाई आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही. लेकीच्या घरी पहिल्यांदा गेली ती घरून पाण्याचा तांब्या भरून घेऊन गेली. एसटीत तांब्या मांडीवर धरून बसली. रस्त्याचे खड्डे, आणि आमचा ड्रायव्हर तर एकही खड्डा न चुकवणारा. लाखांदूरला उतरेपर्यंत तांब्यातलं अर्धं पाणी लुगड्यावर. लेकीच्या दारात पोहोचली तर शेजारीण विचारते, "तळ्यात पडल्या काय जी?" तरी बाईचा तोरा कायम. सोबत भाताचा डबाही नेला होता. अंगणातल्या लिंबाखाली, सगळ्यांकडे पाठ करून, तो थंड भात खाल्ला. आत विहीण वडे तळत होती. वास थेट नाकात येत होता. ही आपली मान ताठ ठेवून भात चावते आहे! काय मिळवलं त्या बाईनं? इज्जत तिची जाणारच नव्हती, कारण ती कुणी मागितलीच नव्हती. वडे मात्र गेले.

विहिणीशी माझं बिनसलं होतं ते लग्नाच्या मांडवातच. आमच्याकडे लग्नात बायका एकमेकींच्या विहिणीवर गाणी म्हणत. गाणी कसली, चारचौघांत सुरावर दिलेल्या शिव्याच. विहिणीचं नाक, विहिणीची चाल, विहिणीचा स्वयंपाक, काही म्हणजे काही सोडायचं नाही आणि जिच्यावर गाणं झालं तिनंही उलटून तसंच म्हणायचं. ज्या लग्नात अशी गाणी झाली नाहीत, त्या लग्नाला लोक अळणी म्हणत. माझ्या लेकीच्या लग्नात पंगत बसली, मी तूप वाढत होते, आणि समोरून विहीणबाईंनी खणखणीत आवाजात उचललं,

इहीनबाईच्या लाडवाची काय सांगू बढाई,
खलबत्त्यात घातला त खलबत्ताच फुटला बाई!

सगळा मांडव हसला. आता एखाद्या शहाण्या बाईनं तुपाची वाटी खाली ठेवली असती, कमरेला पदर खोचला असता आणि उत्तर दिलं असतं. आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? डोळ्यांत पाणी आणलं, वाटी कुणाच्या तरी हातात कोंबली आणि धानाच्या कोठीमागं जाऊन बसल्या. अर्धी पंगत तुपावाचून उठली. मला गाण्याचं उत्तर सुचलं, नाही असं नाही. पण ते सुचलं पुढच्या वर्षीच्या रोवण्यात, धानाची रोपं लावायला गुडघाभर चिखलात वाकलेली असताना. तिथं ऐकायला कोण होतं? शेजारच्या बांधीतला बगळा.

मग पुढची कितीतरी वर्षं आम्ही दोघी विहिणी एकमेकींशी फक्त मानानं वागलो. "कशा हा जी?" "बऱ्या हो जी." "बसा जी." "निघते जी." इतका मान, की त्यात बोलायला जागाच उरली नाही. तिचे मालक गेले, मग माझे गेले. तिच्या घरी कापडाचं दुकान माझा जावई सांभाळायला लागला, माझ्या घरी शेती मुलगा पाहायला लागला. आम्ही दोघी आपापल्या घरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या पेट्या झालो. आहेत म्हणून आहेत, उघडत कुणी नाही.

त्या पेट्यांची झाकणं उडाली ती पोलिसांमुळं.

दरवर्षी नवे धान निघाले की मी लेकीला तांदूळ पोचवायला जाते. त्या वर्षीही गेले. तो शनिवार होता. लेक आणि जावई कुणाच्या साखरपुड्याला गेले होते, घरी एकटी विहीण. मी तांदळाची पिशवी ठेवून लगेच निघणार होते, पण थांब्यावर कळलं की दिघोरीची गाडी बिघडली, आता दुसरी येईल तेव्हा येईल. परत आले. विहीण म्हणाली, "बसा जी." मी म्हटलं, "बसते जी." आणि बसले खुर्चीच्या कडेवर, टीव्हीकडं अर्धी पाठ करून. दुसऱ्याच्या घरचा टीव्ही डोळे भरून पाहणं हेसुद्धा मला तेव्हा उष्टं खाल्ल्यासारखं वाटे.

टीव्हीवर ती मालिका सुरू होती. नाव लिहीत नाही, ज्याला पाहायची त्यानं शोधावी. त्यात दोन पोलीस आहेत. एक निवृत्तीला आलेला हवालदार, नियमाचा इतका पक्का की चोराला पकडताना आधी त्याला "बसून बोलू या" म्हणणार. दुसरा तरुण साहेब, तोंड उघडलं की थाप, आणि गाडी अशी चालवतो की चोराआधी आपणच दवाखान्यात पोचावं. दोघांत मिळून एक खटारा जीप. जीपचा सायरन बिघडलेला, तो दुरुस्त करण्याचा अर्ज कुठंतरी वर अडकलेला. म्हणून पाठलाग सुरू झाला की म्हातारा हवालदार खिडकीतून मुंडकं बाहेर काढतो आणि तोंडानं सायरन वाजवतो. पूर्ण गंभीर चेहऱ्यानं. मध्येच खोकला आला की सायरन थांबतो आणि चोरसुद्धा मागं वळून पाहतो, काय झालं म्हणून.

आणि दोघं सारखे भांडतात. भांडायचं असलं की हवालदार टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. टोपी गुडघ्यावर गेली की समजायचं, आता गोळीबार. चहात साखर किती इथपासून ते सुरू होतात आणि एकमेकांच्या सासुरवाडीपर्यंत जातात. धावून चोर त्यांनी कधी पकडलाच नाही. चोराला मध्ये बसवतात, त्याच्या डोक्यावरून भांडतात, आणि शेवटी तो बिचाराच कान धरून म्हणतो, साहेब, मीच केली चोरी, आता तुम्ही दोघं गप्प बसा.

त्या दिवशी हवालदारानं खिडकीतून मुंडकं काढलं तेव्हा माझ्या तोंडात चहा होता. तो नाकातून आला. मी पदर तोंडात कोंबला, पण हसू काही पदरात मावलं नाही. हुंदका दिल्यासारखा आवाज काढून मी हसले, खुर्चीवरून घसरले आणि खाली बसले. बसले ती बसलेच.

विहीण माझ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "अगोबाई! हासता येते म्हणा तुमाले! मले वाटे, जलमापासून तोंड शिवलं हाये."

बस्. त्या एका टोमण्यानं माझ्या आत कुठंतरी कुलूप पडलं होतं ते निघालं. मी जमिनीवर बसल्या बसल्याच, कमरेवर हात ठेवून, रोवण्यात सुचलेलं ते उत्तर गाऊन टाकलं,

खलबत्ता फुटला त फुटू द्या, कायले दुसरा आणू,
इहीनबाईची जीभ हाये ना, तिनंच लाडू हाणू!

विहीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना संदर्भ लागायला वेळ लागला. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. मग लागला. त्या खाटेवर आडव्याच झाल्या. "वा वो इहीनबाई, वा! किती वर्षांनी! आपल्या टीव्हीतल्या पोलिसांपेक्षाही तुमी लेट आल्या!"

"गाडी बिघडली होती," मी म्हटलं.

दुसरी गाडी केव्हा आली आणि केव्हा गेली, आम्हाला कळलंच नाही. लेक आणि जावई परतले तेव्हा आम्ही दोघी एका खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो आणि लेकीच्या सासूनं, जिनं मला कधी "बसा जी" पलीकडं काही म्हटलं नव्हतं तिनं, मला "सरका तिकडे, सारी खाट घेतली" असं म्हटलं होतं. लेक दारातच उभी राहिली. तिला वाटलं, दोघींपैकी एकीला काहीतरी झालं आहे.

तेव्हापासून शनिवार ठरला. संध्याकाळी सातला लागोपाठ दोन भाग लागतात. मी तांदूळ किंवा लाखोळीची डाळ पिशवीत घेऊन जाते. कुणी बोललंच तर सांगायला होतं, की मी माझंच खाते. विहीण म्हणते, "तुमचा तांदूळ तुमाले लखलाभ, चुलीचा धूर त माहाच ना!" आम्ही ठरवून काही केलं नाही, पण विहीण आपोआप हवालदार झाली आणि मी थापाड्या साहेब. ती नेमाची पक्की. सातला पाच कमी असताना चष्मा पुसून बसणार. जाहिरात लागली की गोळी घेणार. मी जाहिरातीत तिला पुढं काय होणार ते सांगते, सगळं खोटं. ती दर वेळी विश्वास ठेवते आणि दर वेळी चिडते. "तुमच्यासारख्या लबाड बाईच्या घरची सून आणली मी!" म्हणते. मग माझी लेक स्वयंपाकघरातून ओरडते, "मी ऐकून राहिली हो!"

एकदा आम्ही खराखुरा तपासही केला. जावयाला डॉक्टरनं गोड बंद सांगितलं होतं आणि तरी बरणीतला गूळ कमी होत होता. दोघींनी मिळून जावयाला मध्ये बसवलं, डाव्या-उजव्या बाजूनं प्रश्न विचारले. तो शपथा घेत होता. शेवटी माझी नजर विहिणीच्या पदराकडं गेली. पदराला गूळ चिकटला होता. तपास करणारीच चोर! आमच्या मालिकेतही असं वळण अजून आलेलं नाही.

तर असे सुखाचे शनिवार चालले होते. पण आमच्याकडच्या हवेला सुख सोसत नाही.

गावात कुणाच्या तरी तेरवीचं जेवण होतं. माझा मुलगा पंगतीत बसला होता. समोरून कुणीतरी वरणाचा भुरका मारत म्हणालं, "काहून गा, तुही माय हप्त्या-हप्त्याले पोरीकडं राहाते म्हणतेत. घरी जेवाले भेटत नाही काय?" लोक हसले. मुलगा जेवला नाही म्हणे. आईवर गेला आहे बिचारा, तिच्या चाळिशीतल्या रूपावर.

घरी येऊन त्यानं आरडाओरडा केला नाही, हे त्याचं चांगलं. पण दुसऱ्याच दिवशी भिंतभर टीव्ही आणून लावला. म्हणाला, "माय, आता घरीच पाह्य. एवढा मोठा हाये, हवालदाराच्या मिशीचे केस मोजशील. पण लाखांदूरले जायाचं बंद. मले लोकायचं ऐकाले लागते."

त्यात माया नव्हती असं कोण म्हणेल? पैसे खर्च केले, मनापासून लावला. सुनेनं माझ्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली. शनिवारी सात वाजता मी भिंतभर टीव्हीसमोर बसले. हवालदारानं मुंडकं काढलं, सायरन वाजवला. मी हसले. सून भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय झालं, आई?" मी म्हटलं, "तो तोंडानं सायरन वाजवतो." ती म्हणाली, "हो का?" आणि पुन्हा भाजीकडं पाहू लागली. बाई चांगली आहे, तिला फक्त ते मजेशीर वाटत नाही. पण मजा समजावून सांगायची म्हणजे पापड पाण्यात बुडवून खायचा.

मग विहिणीला फोन लावला. म्हटलं, फोन कानाला लावून पाहू, एकत्र पाहिल्यासारखं होईल. तर तिच्याकडचा टीव्ही माझ्यापेक्षा थोडा पुढं! इकडं हवालदार अजून टोपीला हात लावतो आहे, तिकडं ही हसून मोकळी. मी ओरडले, "थांबा ना जी, माह्याकडं अजून आलं नाही!" ती म्हणाली, "मी कशी थांबू? मी चालवते काय पोलीस?" प्रत्येक विनोद मला आधी तिच्या हसण्यातून कळायचा आणि मग शिळा होऊन डोळ्यांसमोर यायचा. दुसऱ्या भागाच्या मध्येच तिनं विचारलं, "इहीनबाई, येत नाही काय मंग आता?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमण्याशिवाय ती माझ्याशी बोलली, तिथंच मला भीती वाटली. म्हटलं, पुन्हा "बसा जी, निघते जी" वर गाडी यायला वेळ लागणार नाही.

पुढच्या शनिवारी मी पिशवी भरली. मुलगा दारात आडवा उभा. "माय, जाऊ नको."

"गाडी चुकल."

"चुकू दे. लोक काय म्हणतीन?"

"मी थांब्यावर जाते, लोक तिथंच उभे असते. विचारून येते काय म्हणतेत ते," असं म्हणून मी त्याच्या बाजूनं निघाले. थांब्यावर लोक होतेच. कुणी काही म्हणालं नाही. उलट एकानं पिशवी गाडीत चढवून दिली.

लाखांदूरला विहिणीनं दार उघडलं. माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाली, "आल्या? मले वाटे, भिंतभर टीव्हीत घुसून बसल्या." मला बरं वाटलं.

सात वाजायला थोडा वेळ असताना बाहेर मोटारसायकल थांबली. मुलगा आला होता, आणि मागं बसून माझ्या मालकांचे चुलत थोरले भाऊ. म्हणजे माझे भासरे. आमच्या घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा.

भासऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, पदर नाकापर्यंत ओढते. मी तर त्यातही पहिल्या नंबरची. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. जेवायला वाढलं की मी भिंतीला सांगायचे, "भिंतीबाई, पान वाढलं म्हणावं." एकदा त्यांच्या धोतराला शेगडीतला निखारा लागला होता, तेव्हाही मी भिंतीलाच सांगत होते. भिंत काय विझवणार? धोतर गेलं. अशी ती हुशार सून!

आता ते खुर्चीवर बसले, मुलगा त्यांच्या बाजूला, जावई समोर. मी सवयीनं पदर ओढून भिंतीशी. माझ्या शनिवारचा निकाल लागणार होता आणि बोलायची मला सोय नव्हती.

भासरे जावयाला म्हणाले, "जावईबापू, आमच्या घरची बाई दर हप्त्याले तुमच्या घरी मुक्काम करते, हे काही बरं दिसत नाही."

"आमाले त काही तरास नाही, मामाजी," जावई म्हणाला.

"तुमाले नसंल. घराण्याले हाये. आजपासून हे बंद."

लेक स्वयंपाकघराच्या दारात. तेवढ्यात विहीण म्हणाली, "बरं झालं आले तुमी. घेऊन जा यायले. रातभर घोरतेत. माह्या डोळ्याले डोळा लागत नाही."

हिनंच हात सोडला की काय! मी पदराआडून पाहिलं. विहिणीनं चष्मा काढला आणि, अगदी सावकाश, गुडघ्यावर ठेवला.

टोपी गुडघ्यावर!

मी पदर मागं टाकला. भासऱ्यांशी मी बोलणार नव्हतेच, रीत मोडण्याचा प्रश्नच नव्हता. मी माझ्या विहिणीशी भांडणार होते. आणि विहिणीशी भांडायला तर रीतीचीच परवानगी आहे.

"माह्या घोरण्याचं सांगता?" मी म्हटलं. "आणि तुमी झोपेत गिऱ्हाइकाले कापड दाखोता, त्याचं काय? मांगच्या खेपेले माहीच चादर मले विकून राहिल्या होत्या!"

"तुमची कुठली? चादर माही होती, तुमी ओढली होती!"

"ते चादर माही लेक आंदणात घेऊन आली!"

"आंदणातली चादर केव्हाच फाटली! तुमच्या लाडवासारखी मजबूत असती त टिकली असती!"

भासऱ्यांनी हात वर केला. "ऐका, ऐका..."

"तुमी थांबा जी," विहीण त्यांना म्हणाली, "हे लाडवाचं आधी मिटू द्या."

"लाडवाचं कायले मिटते? आधी गुळाचं मिटवा! बरणी कोणं खाली केली?"

"गुळाचं नाव काढू नका! तांदळात खडे कोण आणते?"

"खडे? दिघोरीच्या तांदळात खडे?" इथं मात्र मला खरंच राग आला. मी उठून उभी राहिले. मुलगा म्हणाला, "माय, चाल घरी." मी म्हटलं, "कशी चालू? यायनं माह्या तांदळात खडे काढले. हे मिटल्याबिगर मी कुठंच जात नाही. आज नाही मिटलं त पुढच्या शनिवारी येईन."

"त्याच्या पुढच्याही शनिवारी या! इथं कोण भेते?" विहीण म्हणाली.

"येईन! तांदूळ घेऊन येईन, परातीत पसरीन, एक खडा काढून दाखवा!"

भासरे कधी तिच्याकडं पाहत होते, कधी माझ्याकडं. भिंतीला सांगितलेल्या चार शब्दांपलीकडं माझा आवाज त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला आणि एकदम एवढा ऐकला. ते मध्ये काही बोलायला तोंड उघडत, तर डावीकडून गूळ आणि उजवीकडून चादर. जावई मान खाली घालून हसू दाबत होता. लेक भासऱ्यांसमोर चहा ठेवून आत पळाली होती. आम्ही दोघी एव्हाना चहातल्या साखरेवर पोचलो होतो, सासुरवाडी अजून बाकी होती.

शेवटी भासऱ्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "पोरा," ते माझ्या मुलाला म्हणाले, "राहू दे बापा इले इथंच. शनिवारी काय, सोमवारीही राहू दे." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, थकल्या आवाजात म्हणाले, "मी बी भंडाऱ्याले पोरीकडंच राहिलो होतो मोतीबिंदूच्या वक्ती. गावात सांगितलं का दवाखान्यात भरती हाये. चांगले पोळ्या-श्रीखंड खाऊन राहिलो होतो."

विहिणीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. चोर आपल्या तोंडानं कबूल झाला होता. तिनं चष्मा गुडघ्यावरून उचलून डोळ्यांवर घातला. म्हणजे प्रकरण बंद.

मी पुन्हा पदर पुढं ओढला, भिंतीकडं वळले आणि म्हटलं, "भिंतीबाई, चहा थंडा होऊन राहिला म्हणावं."

सात वाजले. जावयानं टीव्ही लावला. भासरे चहासाठी थांबले ते पहिला भाग संपेपर्यंत थांबले. हवालदारानं मुंडकं बाहेर काढलं तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "काहून, जीपले भोंगा नाही काय?" विहीण म्हणाली, "अर्ज केला हाये, मंजूर व्हाचा हाये." ते म्हणाले, "तसंच असते," आणि मान हलवली. मुलगा उंबऱ्यावर तोंड फुगवून बसला होता. हसला नाही. पण जाता जाता म्हणाला, "माय, उद्या सकाळची गाडी गर्दीची असते, जागा धरजो." मला तेवढं पुरे.

गावात अजूनही बोलतात. बोलू द्या. भंडाऱ्याच्या श्रीखंडाबद्दल मी कुणाला काही सांगितलेलं नाही. इथं फक्त लिहिलं आहे. भिंतभर टीव्ही आता नातवाला क्रिकेटला कामी येतो. मी शनिवारी पिशवी घेऊन थांब्यावर असते. पिशवीत तांदूळ, आणि तो मी आता घरी दोनदा निवडते, एक खडा सापडू नये म्हणून. ती हवालदारीण आहे, शोधल्याशिवाय राहणार नाही.

त्या रविवारी सकाळी गाडीला निघताना विहीण दारापर्यंत आली. म्हणाली, "इहीनबाई, एक सांगू काय? कालचं बाकी सारं खोटं होतं."

"माहीत हाये."

"पण तुमी घोरता, ते खरं हाये."

"तेही माहीत हाये," मी म्हटलं आणि गाडीत चढले.